सावलीतलं पॅनेल

नवऱ्याचा आवाज रोज सकाळी उन्हात ठेवणारी बायको तुम्ही पाहिली नसेल. मी ठेवते. चार वर्षं झाली. कुणाला हसायचं तर हसू दे, माझं काही अडत नाही.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. आमचा धंदा मधमाश्यांचा. चाळीस पेट्या घेऊन जिथे फुलं तिथे आम्ही. सध्या सूर्यफुलाच्या शेताच्या कडेला तंबू ठोकलाय. महिन्या-दोन महिन्यांनी उचलायचा आणि दुसरीकडे जायचं. विजेचा खांब आम्हाला दिसतो तो लांबूनच. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याच्या मधोमध कोटाच्या बटणाएवढं भोक आहे, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलायला टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं. ते हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. ते गुंईं करत राहतं आणि त्या गुंईंचेच शब्द होतात. आम्ही त्याला भुंगा म्हणतो.

एकदा चार्ज केलं की भुंगा दोन दिवस चालतो असं खोक्यावर लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने आमच्या ह्यांना पाहिलं नव्हतं. ह्यांच्या तोंडाचा पट्टा पहिल्यापासूनच सुरू. आधी गळ्यातून, आता भुंग्यातून. माश्यांशी बोलतील, स्टोव्हशी बोलतील, माझ्याशी तर काय विचारूच नका. संध्याकाळपर्यंत भुंग्याचा लाल दिवा लागतोच.

म्हणून आमच्या लेकीने सौर पॅनेल पाठवलं. काळीकुळकुळीत चार पानं, मागे जाड कापड, वहीसारखं उघडायचं. मला वाटलं, पोरीने आईला बसायला चटई पाठवली. बसणारच होते, तेवढ्यात हे दोन्ही हात हलवत धावत आले.

त्या पॅनेलने आम्हाला पहिल्या महिन्यात चांगलंच रडवलं. भुंगा आणि मोबाइल आम्ही थेट त्याला जोडायचो. ढग आला की चार्जिंग बंद, ढग गेला की मोबाइल टिंग करणार. दिवसभर टिंग टिंग, आणि हे ढगाकडे बघून भांडणार. मग जावयाने सांगितलं की आधी पॉवर बँक भरा, तिच्यावरून बाकीचं. जावई कमी बोलतो, पण बोलतो ते कामाचं. तर आम्ही काय केलं, बँकसुद्धा उन्हात ठेवली. उन्हातच भरतं ना सगळं! ती तव्यासारखी तापली आणि चार्ज घ्यायचीच थांबली. म्हणजे पॅनेल उन्हात आणि बँक त्याच्या पोटाखाली सावलीत, हे शिकायला आम्हाला एक बँक घालवावी लागली.

आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे पॅनेलला जागा कुठली दिली, तर पेटीच्या झाकणावर. ऊन मस्त, उंची मस्त. पण सकाळी माशी पेटीतून बाहेर पडली की आधी पोट हलकं करते, मग फुलांकडे जाते. आमच्या पॅनेलवर आठ दिवसांत पिवळ्या ठिपक्यांची रांगोळीच झाली. चार्जिंग निम्म्यावर आलं. आम्ही दोघं अर्धा महिना आभाळाला नावं ठेवत होतो. तीस वर्षं माश्या सांभाळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मी तसं म्हटलं, तर भुंगा लावून म्हणाले, "तुलापण तीसच झाली."

तेव्हापासून पॅनेल माझ्या ताब्यात. सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, दोन काटक्यांवर तिरकं उभं करायचं, तासातासाने त्याचं तोंड सूर्याकडे वळवायचं. खरं सांगते, भुंगा आणायला दवाखान्यात गेलो आणि पहिल्यांदा त्याचा तो एकसुरी आवाज ऐकला तेव्हा मी जिन्यात जाऊन हमसून हमसून रडले होते. रागावले तरी तोच सूर, लाडात आले तरी तोच सूर. आता मात्र तासभर ऐकू आला नाही की मी हातातलं काम टाकून बघून येते.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या महिन्यात माशी गेली.

म्हणजे ह्यांच्या गळ्यातल्या भोकात गेली. मी त्यावर दुहेरी जाळीची गळपट्टी शिवून देते, मागे नाडी. त्या दिवशी नाडी सैल झाली होती. हे पेटीतली पोळ्याची चौकट उचलायला वाकले, पट्टी पुढे लोंबली आणि एक माशी खालून आत शिरली. चौकट हातातून सुटली. हे छाती बडवायला लागले, तोंड काळंनिळं, डोळे बाहेर. आवाज नसलेल्या माणसाला ओरडता येत नाही. मीच ओरडले. माझ्या हातात माश्यांना धूर द्यायचं भांडं होतं, ते कुठे भिरकावलं मला आजही आठवत नाही. मग एक मोठा खोकला आला आणि माशी बाहेर पडली. ओलीचिंब. ह्यांच्या बाहीवर वळवळत होती.

हे अर्धा तास जमिनीवर बसून होते. मी पाठ चोळत होते. जरा श्वास लागल्यावर त्यांनी काय करावं? भुंगा काढला आणि म्हणाले, "तिची काय चूक? वाट चुकली बिचारी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! मी त्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. पण त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पेट्या विकायच्या, लेकीच्या गावात दोन खोल्या घ्यायच्या, आणि ह्या माणसाला खिडकीत बसवून जिवंत ठेवायचं. दुसरं काही मला नको होतं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?" मी म्हटलं, "तू गिऱ्हाईक बघ, बाबांचं मी बघते." तिने एक फळबागवाला शोधला. त्याच्या बागेत फुलं लागायची पण फळ कमी धरायचं, त्याला माश्या हव्याच होत्या. तो चाळीसच्या चाळीस घ्यायला तयार झाला.

ह्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं. तेही जेवणं झाल्यावर, भांडी घासता घासता, पाठमोरी. "उद्या एक जण पेट्या न्यायची बोलणी करायला येतोय."

मागून भुंगा वाजला. "विकायच्या नाहीत."

"मी शब्द दिलाय."

"विकायच्या नाहीत. येऊ दे त्याला. मीच सांगतो." रागावले की हे भुंग्याचं बटण दाबून सोडतात, दाबून सोडतात, शब्दांचे तुकडे तुकडे होतात. मी. च. सां. ग. तो.

मी भांडी घासत राहिले. ह्यांचं बोलणं मला माहीत आहे. बागवाल्यासमोर एकदा बोलायला बसले असते, तर त्यानेच उलट आपली बाग ह्यांना देऊन टाकली असती.

सकाळ झाली. आधीचे दोन दिवस आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे बँक रिकामी. भुंग्याचा लाल दिवा लागलेला. त्या दिवशी मात्र ऊन असं लख्ख पडलं होतं, की नऊला पॅनेल लावलं असतं तर अकरापर्यंत ह्यांना दिवसभर भांडण्याइतकं चार्जिंग झालं असतं. मी पॅनेल पुसलं. नेहमीसारखं, चारी पानं. आणि ते घेऊन झाडाखाली गेले. गर्द सावली, दुपारपर्यंत तिथे उन्हाचा कवडसा येत नाही. तिथे उघडून ठेवलं, तार जोडली, भुंगासुद्धा बँकेला लावून दिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळं जिथल्या तिथे आहे.

मी तार तोडली नाही. काही लपवलं नाही. असंच मनाला सांगत होते. पण चोराच्या मनात चांदणं, मी सकाळभर त्या झाडाकडे पाठ करून काम करत होते. हे पेट्यांमधून फिरत होते. एकदा झाडाकडे गेल्याचं पाहिलं. परत आले, काही बोलले नाहीत. बोलणार कशाने म्हणा.

बागवाला अकराला आला. गाडी रस्त्यावर ठेवून बांधावरून चालत. तिशीचा असेल, मऊ बोलणारा, आल्या आल्या मावशी-काका करायला लागला. ह्यांनी झाडाखालून भुंगा आणला, हनुवटीखाली धरला. माझे कान तिकडेच.

"या. बसा. पाणी घ्या..."

एवढंच. गुंई बारीक होत होत बंद पडली. ह्यांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग भुंगा खिशात ठेवून दिला. बागवाला बिचारा ओशाळला. "काय झालं?"

"चार्जिंग संपलं," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

लिहून दाखवता आलं असतं, पण ह्यांचं अक्षर लिहून झालं की त्यांनाही लागत नाही. राहिले ओठ. ह्यांचे नुसते ओठ वाचता येणारं माणूस जगात एकच आहे, ते म्हणजे मी. दवाखान्यातून आल्यावर भुंगा मिळेपर्यंत तीन महिने आमचं सगळं त्यावरच चाललं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बागवाल्याकडे बोट केलं. म्हणजे त्याला सांग.

मी ठरवून ठेवलं होतं काय करायचं ते. हे 'विकायच्या नाहीत' म्हणणार आणि मी सांगणार, 'हे म्हणतात, कधी नेतोस?' होय, एवढी मजल गेली होती माझी.

ह्यांचे ओठ हलले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला वाचता यावं म्हणून.

"विचार त्याला, गाडीला वरून कापड आहे का."

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. पण त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

"गाडीला वरून कापड आहे का, विचारतायत," मी म्हटलं.

"आहे ना, काका. बांधून घेतलंय."

"अंधार पडल्याशिवाय पेटी हलवू नको म्हणावं. सगळ्या घरी आल्या पाहिजेत. बाहेर राहिलेल्या घर शोधत मरतात."

मी सांगितलं. बागवाल्याने वही काढली आणि लिहून घ्यायला लागला. हे एकेका पेटीजवळ जाऊन उभे राहायचे, झाकणावर हात ठेवायचे, ओठ हलवायचे, आणि मी बोलायचे. सात नंबरची राणी नवीन आहे, महिनाभर उघडून बघू नको. अकरा नंबर तापट आहे, तिला आधी धूर आणि मग रामराम. तेवीसला मुंग्यांचा त्रास, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेव. झाडांवर औषध मारणार असशील त्या दिवशी दारं बंद ठेव, विसरलास तर सगळ्या जातील. तीस वर्षांचं शहाणपण. आणि ते सगळं माझ्या तोंडातून निघत होतं, माझ्या आवाजात, जसं काही मीच माझ्या हाताने एकेक पेटी त्याच्या पदरात टाकत होते. एकदा तर बागवालाच म्हणाला, "मावशी, पाणी घ्या."

हा माणूस नाही म्हणणार होता! काल दोनदा म्हणाला होता. आता का म्हणत नव्हता?

ओळीच्या शेवटी हे सतरा नंबरशी थांबले. इथे मात्र ते बागवाल्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"विचार त्याला, ही एक ठेवली तर चालेल का. हिची आहे म्हणावं."

सतरा नंबर. हे दवाखान्यात होते तेव्हा एका पेटीतून निम्म्या माश्या उठून समोरच्या फांदीला लटकल्या होत्या. मी तोवर कधी एकटीने पेटीला हात लावला नव्हता. डोक्यावर पडद्याचं कापड बांधून, रडत, शिव्या देत, तो सगळा लगडलेला थवा मी रिकाम्या पेटीत झटकून घेतला होता. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांच्या नाकात नळ्या होत्या. मला वाटलं होतं, ऐकलंच नसेल.

"काय म्हणतात काका?" बागवाल्याने विचारलं. त्याचं पेन तयार.

मी तोंड उघडलं. "हे म्हणतायत..." आणि पुढचं बाहेरच येईना. मग आलं ते भलतंच आलं. "हे म्हणतायत, पेट्या विकायच्या नाहीत."

ह्यांनी आ वासला. दोन्ही हात हलवून, मान हलवून नाही नाही करायला लागले.

"पण मावशी, काका तर नाही म्हणतायत."

"तेच तर सांगतेय. नाही म्हणतायत. विकायला नाही."

"एवढं सगळं लिहून दिलं ते?"

"ते तुला उपयोगी पडेल. वही जपून ठेव." मी एकदा सुटले की मला आवर नसतो. "हे बघ, बाळा, तुला माश्या नकोयत, तुला फळं हवीयत. तुझ्या बागेला फुलोरा आला की फोन कर. पेट्या घेऊन आम्ही येतो, महिनाभर तुझ्याकडे राहतो. फळं तुझी, मध आमचा. अकरा नंबरच्या नादी तू लागायची गरज नाही."

बागवाला आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग हसायलाच लागला. म्हणाला, खरं तर त्या अकरा नंबरचं ऐकून त्याचे हातपाय गळाले होतेच. पाणी प्यायला, फोन नंबर दिला, बांधावरून निघून गेला.

राहिलो आम्ही दोघं आणि चाळीस पेट्या. हे माझ्याकडे असे बघत होते की जसं काही मलाच घशाचं ऑपरेशन हवंय. मी सतरा नंबरशेजारी जमिनीवर बसले. तेही बसले.

"मी पॅनेल सावलीत ठेवलं होतं," मी म्हटलं. "मुद्दाम. तुम्हाला बोलता येऊ नये म्हणून."

ह्यांनी मान हलवली. ओठ हलले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"सकाळी. गेलो होतो ना झाडाकडे."

"मग उन्हात का नाही ठेवलंत? हात मोडले होते?"

त्यांनी माझ्याकडे नीट तोंड केलं, उजेड ओठांवर पडेल असं.

"काल ठरवलं होतं, नाही म्हणायचं. सकाळी ते पॅनेल बघितलं. तीस वर्षांत तू मला एकदासुद्धा फसवलेलं नाहीस. साधी साखर संपलेली तुला लपवता येत नाही. म्हटलं, हिने एवढं केलं म्हणजे ही किती घाबरलेली असेल. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माश्यांचा विचार करत बसलो."

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. माश्या डोक्यावरून जात-येत होत्या आणि मी लहान पोरीसारखी रडत होते. ह्यांनी माझा हात धरून ठेवला.

"घाबरलेय," मी म्हटलं. "अजून घाबरलेय. तुम्ही मेलात तर मी कुणाशी भांडू? उद्यापासून पेटी मी उघडणार. तुम्ही दहा पावलं लांब बसायचं, गळपट्टी बांधून, आणि तिथून सांगायचं. हात नाही लावायचा. कबूल असेल तर पेट्या राहतील."

ह्यांनी हात सोडला. ओठ हलायला लागले, आणि असे भराभर, की मला काही कळेना. 'तुला' एवढं कळलं, 'राणी ओळखता' असं काहीतरी कळलं, मग 'चौकट', मग पुन्हा 'तुला'. हातवारे चालू, भुवया वर, मानेच्या शिरा ताठ.

"सावकाश! एक अक्षर कळत नाहीये."

सावकाश कसले होतात. दहा पावलांची पाच करून मागत होते, एवढं बोटांवरून समजलं. मी डोळे पुसले, झाडाखाली गेले आणि पॅनेल उचलून भर उन्हात आणलं. हे माझ्या मागोमाग आले, ओठ चालूच. मी काटक्या रोवल्या, ह्यांच्या खिशातून भुंगा काढून बँकेला लावला.

"तासभर दम धरा," मी म्हटलं. "भांडायचं तर आवाजात भांडा. मला तुमचा एक शब्दही चुकवायचा नाहीये."